खालच्या आळीची साक्ष

वाघण बंदराच्या पेठेत पाणी शिरलं की लोक देवाला हाका मारीत, आणि पाणी ओसरलं की सगुणाला. राजापूर तालुक्यात, नाटे गावापासून दोनएक कोस वर, नदी जिथं खाडीला मिळते तिथलं हे बंदर. वरची आळी टेकाडाच्या पोटाला आणि खालची आळी धक्क्याला लागून. वखारी, दुकानं, पडावांतल्या मालाची चढउतार, सगळी कमाई खालच्या आळीत, पाणीही तिथंच. पूर उतरला की दुकानांतून वीतभर तांबडा गाळ बसलेला असायचा आणि भिंतीवर, पाणी जिथवर चढलं तिथवर, एक तेलकट रेघ. तो गाळ घमेल्यांनी उपसायचा, भिंती खराट्यानं घासायच्या, त्यांना नवा गिलावा द्यायचा, जमीन चोपून सारवायची, हे सगुणाचं काम. बरोबर चार बायका असत, पण कुठली भिंत किती ओली आहे ते ती नुसता हात ठेवून सांगे.

ती कुणब्याची. चौदाव्या वर्षी केरूशी लग्न होऊन बंदरावर आली. केरू धक्क्यावर हमाली करायचा. पुढं मुंबईला गिरणीत गेला आणि अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तिकडंच खपला. तसं पत्र टपालानं आलं ते आप्पा शेट्यांनी वाचून दाखवलं. आप्पांचं खालच्या आळीत गूळ-खोबऱ्याचं दुकान होतं. पत्र वाचून झाल्यावर आप्पांनी ते घडी करून तिच्या हातात दिलं. त्यांची बायको मालन आतून आली, सगुणाच्या हाताला धरून तिला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि म्हणाली, "आता इथंच राहायचं. खोपटात एकटी नको." तेव्हापासून ती पडवी सगुणाची झाली.

तिला आकडे येत नव्हते. वीस झाले की ती परत एकापासून सुरू करायची. पण कुठल्या साली कुणाच्या दुकानात पाणी कुठवर आलं होतं ते तिला पक्कं ठाऊक असे, कारण तिथवरची भिंत तिनं घासलेली असे. बसून घासली ते गुडघ्याचं पाणी. उभ्यानं घासली ते कमरेचं. आणि मोठी लढाई लागली त्या साली हात उचलून घासावं लागलं होतं, ते गळ्याचं.

सन अठ्ठावीसच्या पौषात मुंबईच्या एका विमा कंपनीचा इन्स्पेक्टर पेठेत उतरला. मणेरीकर नाव, वय तिशीचं, डोळ्यांवर चष्मा. आगीचा विमा पेठेत दोघाचौघांचा होता. आता कंपनी पुराचाही विमा काढणार होती, आणि त्याचा दर ठरवायला जागा बघणं भाग होतं. तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण घेऊन मणेरीकर आळीभर हिंडला. शिपाई आकडे रंगवलेली उभी पट्टी प्रत्येक दुकानाच्या जोत्यावर धरी आणि साहेब दुर्बिणीतून बघून जोत्याची उंची टिपून घेई. जोती मोजून झाली. पण पाणी कुठवर येतं हे मोजायला पाणी नव्हतं. कचेरीत पावसाचे इंच लिहिलेले होते, पुराचं कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं. मग त्यानं व्यापाऱ्यांना विचारलं. व्यापारी एका सुरात म्हणाले, "पाणी? छे हो! धक्क्याच्या पायऱ्यांना लागतं आणि परत जातं." भिंती दिवाळीला पांढऱ्याफेक केलेल्या होत्या. त्यांच्यावर रेघ नव्हती की डाग नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो आप्पांच्या शेजारच्या वखारीपाशी सावलीला टेकला. आत सगुणा बसून भिंतीच्या भेगा लिंपत होती. त्या वखारीला अजून चुना लागायचा होता. मणेरीकर बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, या भिंतीचा वरचा गिलावा जुना आणि खालचा नवा, असं का?"

"वर पानी नाय चढलं, सायबानू," सगुणा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण भलतंच काही बोललो की काय. पण साहेब उठून आत आला, उकिडवा बसला आणि तिला अहोजाहो करून विचारू लागला. कुठल्या साली? कशावरून? शेजारच्या दुकानात किती? सगुणानं हात धुतले, पदर खोचला आणि त्याला दारोदार घेऊन गेली. दोन दिवस ती भिंतीवर पालथा हात ठेवी, "हितपत, माझ्या भावाच्या लग्नाच्या साली," असं म्हणे; शिपाई तिथं पट्टी धरी, आणि साहेब आकडा लिही. तिनं सांगितलेल्या रेघा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जुळतात का ते त्यानं दुर्बिणीतून तपासलं. जुळल्या. फार तर दोन बोटांचा फरक.

"पण बाई, एवढा पाऊस तर दर साली पडतो. मग पाणी दर साली का शिरत नाही?"

"नदी एकटी काय करनार? आवसेपुनवेचं उधान असाया पायजे. वरनं नदी उतरती, खालनं खाडी चडती, मंग पानी जाईल कुठं? आळीत."

मणेरीकरची पेन्सिल थांबली. "हे मला कुणीच सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि ते त्यानं सावकाश लिहून घेतलं.

निघताना त्यानं तिला हिशेब समजावून दिला. आप्पांच्या ओळीत पंधरा वर्षांत तीनदा पाणी. म्हणजे पाच वर्षांतून एकदा. दर खेपेला निम्मा माल जातो असं धरलं, तर शंभर रुपयांच्या मालामागं वर्षाला दहा रुपये घेतले तरच कंपनी तगेल. "एवढा दर कोण देईल? म्हणून मी लिहिणार, खालच्या आळीचा पुराचा विमा काढूच नये." मग कागदावर तिचा अंगठा घेतला आणि बुडालेल्या रोजाबद्दल एक रुपया दिला.

त्या रात्री सगुणानं मालनला सगळं दोनदा सांगितलं. कुणी सोनं दिलं असतं तरी ती एवढी फुलली नसती. तिला ठाऊक होतं ते आजवर कुणाच्या कामाचं नव्हतं. आज ते लिहिलं गेलं होतं.

पेठेत मात्र बोभाटा झाला. "आमच्या दुकानांना डाग लावलास," म्हणून दोन व्यापाऱ्यांनी तिचं काम तोडलं. सर्वांत जास्त चिडले दत्तोपंत पाध्ये. हे पेठेतले कंपनीचे एजंट. विमा काढला तर त्यांना दलाली. आळीच वगळली तर त्यांनी काय खायचं? त्यांनी मुंबईला चार पानी पत्र लिहिलं की साहेबांनी एका अडाणी मजूर बाईच्या बोलण्यावर विसंबून प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचा शब्द डावलला. मुंबईलाही धंदा हवाच होता. एकवीस सालच्या पुरानंतरची सात वर्षं तशी कोरडी गेली होती. सगळ्या पेठेला एकच दर आला, शेकडा बारा आणे.

दत्तोपंत तो कागद घेऊन आळीत आले तेव्हा सगुणा आप्पांच्या दुकानासमोर सारवत होती. "सगुणे," ते हसत म्हणाले, "तुझे ते हात आणि ढोपरं मुंबईत रद्दीत गेली बरं का."

ती खाली मान घालून सारवत राहिली. पण संध्याकाळी आप्पांनी तिला बोलावून विचारलं, "काय गो, उतरवू का विमा? तुझं काय मत?"

"उतरवा आप्पानू," ती म्हणाली. "पानी येनार. एवढ्या कमी पैशात भरून देतायत तर घ्या."

फॉर्म इंग्रजीत होता. दत्तोपंत गादीवर बसून तो भरत होते आणि एकेक सवाल मराठीत सांगत होते. या जागेत पूर्वी कधी पाणी शिरलं आहे काय? आप्पा म्हणाले, "शिरलंय की. एकवीस साली गुडघाभर होतं. त्याआधी कमरेएवढं."

"ते कंपनीला ठाऊक आहे हो. साहेब बघून नाही का गेला? ते सगळं धरूनच दर ठरलाय. आता पुन्हा लिहिलंत तर पुन्हा चौकशी, पुन्हा सहा महिने. मी 'नाही' लिहितो." आणि त्यांनी लिहिलं. आप्पांनी सही केली. सगुणा उंबऱ्याशी होती. हे सगळं तिनं ऐकलं.

चार वर्षं आप्पांनी वेळच्या वेळी हप्ता भरला. सन तेहतीसच्या आषाढात पाऊस सहा दिवस थांबला नाही आणि सातव्या दिवशी अमावास्या आली. दुपारी भरतीची वेळ. सगुणा सकाळीच धक्क्यावर जाऊन पाणी बघून आली आणि म्हणाली, "आप्पानू, माळ्यावर घाला. मिळंल तेवढं वर घाला." आप्पा, मालन आणि ती, तिघांनी खोबऱ्याची पोती माळ्यावर चढवली. गुळाच्या ढेपांना हात घातला तेव्हा पाणी उंबऱ्यातून आत आलं. घटकाभरात ते छातीला लागलं. गूळ डोळ्यांदेखत विरघळून गेला, मिरच्यांची पोती तरंगत मागच्या दारानं खाडीला लागली, आणि संध्याकाळी माळ्याची तुळई मोडून खोबरंही खाली आलं.

आप्पा हसत होते. खरंच हसत होते. गाळात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "जाऊ दे हो. विमा आहे."

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. दत्तोपंतांनीच ते वाचून दाखवलं, वर न बघता. विमेदारानं पूर्वीचे पूर लपवले. सबब करार मुळातच रद्द. देणं काही नाही. पुरावा म्हणून सन अठ्ठावीसचा इन्स्पेक्टरचा अहवाल, आणि त्याला जोडलेली सगुणा केरू हिची अंगठ्यानिशी जबानी.

"पण ती तर रद्दीत गेली म्हणालात!" आप्पा ओरडले.

"कंपनी कागद टाकत नाही, आप्पा," दत्तोपंत म्हणाले.

आप्पांनी रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला. तारखा पडत गेल्या, आणि पस्तीसच्या माघात सगुणाला समन्स आलं. ती कंपनीची साक्षीदार. तिला न्यायला कंपनीचा शिपाई आला होता. त्याच्याबरोबर ती मोटारीत मागच्या बाकावर बसली. पुढच्या बाकावर आप्पा आणि मालन. एकाच घरातून निघून तिघं एका मोटारीत, आणि कोर्टात दोन बाजूंना. मणेरीकरबद्दल तिनं शिपायाला विचारलं. तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

हातखंब्याला मोटार चहाला थांबली. मालन उतरून मागं आली. 

"सगुणे, खोटं बोलू नकोस. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. आठवत नाही म्हण. एवढंच. तुझं वय झालंय, आठवत नाही. कोण काय करणार आहे?"

"तसंच म्हनीन, वैनी," सगुणा म्हणाली. आणि तसंच म्हणायचं तिनं खरोखर ठरवलं होतं.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं कागद पुढं केला. "हा अंगठा तुझा?"

"आसंल."

"आप्पा शेट्ये यांच्या दुकानात पाणी शिरलं होतं, असं तू साहेबांना सांगितलंस?"

"मना आठवत नाय."

वकिलानं तीन वेळा तीन तऱ्हेनं विचारलं. तीन वेळा तेच उत्तर. तो कपाळाला आठ्या घालून खाली बसला. मालननं डोळे मिटून हात जोडले. इथं संपलं असतं.

पण आप्पांच्या वकिलाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. साक्ष नुसती लंगडी नको होती, ती मातीत मिळवायची होती. तो उठला.

"बाई, तुमचं वय काय?"

"काय म्हाईत."

"शंभरपर्यंत मोजता येतं?"

"नाय."

"पन्नासपर्यंत?" कोर्टात खसखस पिकली. "म्हणजे ज्या बाईला पन्नास मोजता येत नाहीत, तिनं साहेबाला पंधरा वर्षांच्या पुरांचे आकडे सांगितले! इंच न इंच! साहेबानं काय दिलं तुला त्याचं? रुपया? म्हणजे रुपयासाठी तोंडाला येईल ते बोललीस. कुठलं पाणी आणि कुठली भिंत. खरं की नाही?"

सगुणानं मालनकडं पाहिलं. मालन नकारार्थी मान हलवत होती, गप्प राहा, गप्प राहा. तिला ते दिसलं. पुढं आयुष्यभर तिला ते आठवत राहिलं की आपल्याला ते दिसलं होतं.

"मी तोंडाला येईल ते बोलले?" ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की शिरस्तेदारानं मान वर केली. "ज्या भिंती मी घासल्या त्या मना म्हाईत नसतील तर कोनाला म्हाईत असतील? तुमाला?" ती पिंजऱ्यातून उतरली, कोर्टाच्या भिंतीशी गेली आणि तिनं पालथा हात ठेवला. "लढाईच्या साली हितपत. आप्पांच्या दुकानात, देवाच्या कोनाड्याखाली चार बोटं. मानमोडीच्या आदल्या साली हितपत. मंग चार वर्सांनी हितं, ढोपराला. शेजारच्या वखारीत त्याच्यापरीस दोन बोटं कमी, कारन तिचं जोतं उंच. सायबानं दुर्बिनीतनं बघितलं ते. जुळलं व्हतं सगळं! एक रेघ चुकली नव्हती!"

जज्जसाहेब लिहीत होते. आता कुणी हसत नव्हतं. कंपनीचा वकील खुर्चीत मागं रेलला होता.

मग तिला आपण काय केलं ते कळलं. ती वळून म्हणाली, "आनि हे पन लिवा, सायबानू. आप्पानी सांगितलं व्हतं. पानी येतं असं त्यांनी सांगितलं, दत्तोपंतानी 'नाय' लिवलं. मी उंबऱ्याशी व्हते. मी ऐकलं."

तेही लिहिलं गेलं. पण दत्तोपंतांनी शपथेवर सांगितलं की विमेदार बोलला तेच मी लिहिलं. आणि कंपनीच्या वकिलानं फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचून दाखवली: एजंटानं फॉर्म भरून दिल्यास तो विमेदाराचा माणूस म्हणून भरतो, कंपनीचा म्हणून नव्हे. खाली आप्पांची सही होती. अहवाल कंपनीकडं आधीपासून होता, यावर तो म्हणाला की तेव्हा ते नुसतं ऐकीव होतं, म्हणून तर फॉर्मात विचारलं. जज्जसाहेबांनी दावा खर्चासह फेटाळला.

जाताना आप्पांच्या वकिलानं आप्पांना सांगितलं, "तुमच्याच घरच्या बाईनं घात केला." स्वतःच्या सवालांबद्दल तो काही बोलला नाही.

कोर्टात शाबीत झालेला पुरावा म्हटल्यावर कंपनीला आता कसला संशय उरला नाही. पुढच्या चैत्रात खालच्या आळीतल्या सगळ्या विमेदारांना नोटिसा आल्या: विमा चालू ठेवायचा तर शेकडा दहा रुपये. मणेरीकरनं वखारीत उकिडवं बसून काढला होता तोच आकडा. कुणीच भरले नाहीत. ज्यांना जमलं ते वरच्या आळीत, मोटारीच्या सडकेवर गेले. दत्तोपंतांना रत्नागिरीत कंपनीच्या कचेरीत बढतीची जागा मिळाली.

आप्पांनी दुकान विकलं आणि मुंबईला मेहुण्याच्या दुकानी तराजूवर उभे राहायला निघाले. ते सगुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. "दुकान घेणाऱ्याला सांगितलंय, पडवीत तू राहू शकतेस," एवढंच म्हणाले. बंदरावर पडावात बसायच्या आधी मालन मात्र तिच्यापाशी थांबली.

"तू खोटं बोलली नाहीस. ते मला कळतं," ती म्हणाली. "पण सगुणे, तो वकील तुला चार लोकांत वेडी म्हणाला, तर घटकाभर वेडी व्हायला तुला काय झालं होतं? आमच्यासाठी?"

 मालन पायरी उतरून पडावात बसली.

पडवीत ती आठ दिवसही राहिली नाही. भाऊ सदू वर कातळावरच्या गावात राहायचा, त्याच्याकडं गेली. नाचणी कांडायची, उन्हाळ्यात लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायचं, पडेल ते करायचं. सदूची बायको वाईट नव्हती. पण कोर्टातली गोष्ट सगुणाच्या आधी गावात पोचली होती. ही बाई ऐकलेलं विसरत नाही आणि विचारलं की सांगते. कुणाच्या बांधाचं भांडण असो, सोयरिकीची देवघेव असो, सगुणा आली की ओटीवरची माणसं बोलायची थांबत. कुणी तिला घालवत नसे. पान पुढं करत, बस म्हणत, आणि पावसापाण्याचं काढत. भावाच्या घरीही तेच झालं. नवराबायको कुजबुजत असली आणि ती आत आली की कुजबूज थांबे.

पहिलं वर्षभर तिला वाटलं, जाईल विसरून. मग तिनं आशा सोडली. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन ती अंगणात आली की दारापासून दहा पावलांवर थांबू लागली आणि मोठ्यानं खाकरू लागली, म्हणजे घरातल्यांना गप्प व्हायला वेळ मिळे. मग आत जाई.